मक्याच्या शेतात उगवला डोंगर

(इयत्ता चौथी. लेखन आणि चित्रे एकाच मुलीची. चित्रे डावीकडून उजवीकडे पाहावीत. शेवटच्या चित्रात नारिंगी खडू संपला म्हणून कुंकू वापरले आहे, हात लावू नये.)



या महिन्याच्या भित्तिपत्रकात माझ्याकडे ‘ज्वालामुखी’ हा विषय आला आहे. मी आधी वहीत सगळे नीट लिहून काढले होते. व्याख्या, प्रकार, उदाहरणे. बाईंनी वाचले आणि म्हणाल्या, “बरोबर आहे सगळे. पण हे तू कुणाला सांगते आहेस?” मला काही उत्तर सुचले नाही. मग घरी एक गोष्ट घडली आणि मला कळले की कुणाला सांगायचे ते. ती गोष्ट आधी सांगते.

आमच्या शेतात बाबांनी यंदा विहीर काढायला घेतली. आधी माती लागली, मग मुरूम लागला, आणि मग काळा कातळ लागला. कातळ कुदळीने फुटत नाही. त्याला सुरुंग लावावा लागतो. सुरुंग उडाला की सगळी जमीन हादरते आणि खड्ड्यातून धूर वर येतो. मग यारी लावून दगड वर काढतात.

आता आमच्या शाळेत पहिली आणि चौथी एकाच खोलीत बसते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. बाईंनी आम्हा चौथीला फळ्यावर रंगीत खडूने चित्रे काढून एका ज्वालामुखीची गोष्ट सांगितली. त्यात एक शेतकरी होता, त्याच्या शेतात खड्डा होता, जमीन हादरली आणि खड्ड्यातून धूर निघाला. माझा धाकटा भाऊ पहिलीत आहे. त्याने पाटीवर बाराखडी काढता काढता एवढेच ऐकले आणि तेवढ्यात मधली सुट्टी झाली. पुढची गोष्ट त्याने ऐकलीच नाही.

दुसऱ्या दिवशी आजीबरोबर भाकरी घेऊन तो शेतात गेला. नेमका तेव्हाच सुरुंग उडाला. जमीन हादरली आणि खड्ड्यातून धूर निघाला! तो जो पळत सुटला तो थेट घरी. तेव्हापासून शेतात जाईना. रात्री दचकून उठायचा. एकदा जेवताना बाबांना म्हणाला, “बाबा, विहीर बुजवा. आपल्या शेतातून बी आग निघंल, घर बुडंल.” बाबा दिवसभराचे थकलेले होते. तीस फूट खणून पाण्याचा टिपूस नव्हता आणि उसने आणलेले पैसे संपत आले होते. ते त्याच्यावर रागावले. तो रडत झोपला.

मला वाईट वाटले. कारण भिती घालणारी गोष्ट आमच्याच वर्गातली होती. मी ठरवले की त्याला पुढची गोष्ट सांगायची. नुसते तोंडाने सांगून तो ऐकत नव्हता, म्हणून जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्रे काढली. त्याने मध्ये मध्ये जे प्रश्न विचारले ते मला आधी सुचलेच नव्हते. काही प्रश्नांना मलाही उत्तर येत नव्हते, ते मी बाईंना विचारून आले. तेच सगळे इथे लिहिले आहे.

चित्र पहिले : शेतकरी आणि खळगा

मेक्सिको नावाचा देश आहे. पृथ्वीगोलावर तो आपल्या जवळजवळ पलीकडच्या अंगाला येतो. आपल्याकडे दुपार असते तेव्हा तिकडे रात्र असते. तिथे पारिकुतीन नावाचे खेडे होते. त्या गावच्या शिवारात दिओनिसिओ पुलिदो नावाच्या शेतकऱ्याची जमीन होती. तो मका पेरायचा. मका मूळचा मेक्सिकोचाच आहे, तिथूनच तो जगभर आणि आपल्याकडे आला.

त्याच्या शेतात एक लहान खळगा होता. तो खूप वर्षांपासूनचा होता. त्यात काडीकचरा टाकला तरी तो भरत नसे.

(मी पहिल्यांदा या चित्रात मागे मोठा टोकदार डोंगर काढला होता. भाऊ म्हणाला, “ताई, डोंगर नंतर झाला ना? मग आधीच कसा आला?” खरेच की! मी तो खोडून टाकला. खोडलेले अजून दिसते आहे.)

चित्र दुसरे : जमीन कुरकुरते

सन १९४३ चा फेब्रुवारी महिना होता. दोन आठवडे आधीपासून त्या भागात धक्के बसू लागले. जमिनीखालून गडगड असा आवाज येई. आभाळ तर स्वच्छ होते. १९ फेब्रुवारीला एका दिवसात सुमारे ३०० धक्के बसले.

भावाचा प्रश्न : “खाली कोण ढकलत होतं?”

उत्तर : खाली शिलारस वर येत होता. शिलारस म्हणजे वितळलेला दगड. तूप थंडीत घट्ट असते आणि चुलीजवळ ठेवले की पातळ होते. दगडाचेही तसेच आहे, पण त्याला फार म्हणजे फारच उष्णता लागते. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. असला काळा दगड पूर्ण पातळ व्हायला सुमारे १२०० अंश लागतात.

मेक्सिकोच्या बाजूला समुद्राचा तळ हळूहळू जमिनीखाली सरकतो आहे. हळूहळू म्हणजे वर्षाला काही सेंटिमीटर. आपली नखे वाढतात तेवढ्याच धिम्या गतीने. सरकताना तो आपल्याबरोबर पाणी खाली नेतो. ते पाणी खोलवरच्या तापलेल्या दगडात मिसळले की तो दगड लवकर वितळतो. वितळलेला दगड आजूबाजूच्या घट्ट दगडापेक्षा हलका असतो. तेल पाण्यावर तरंगते तसा तो वर वर येऊ लागतो. वाट काढताना खडकाला भेगा पाडतो. तेच धक्के.

चित्र तिसरे : भेग पडली

२० फेब्रुवारी १९४३. दुपारचे सुमारे चार वाजले होते. दिओनिसिओ शेतात झाडोरा जाळून जमीन पेरणीसाठी तयार करत होता. तेवढ्यात खळग्यापाशी जमिनीला भेग पडली. जमीन माणसाच्या उंचीहून जास्त वर फुगली. भेगेतून राखाडी भुकटी उडू लागली. कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुसफुस आवाज आला आणि गंधकाचा वास पसरला.

तो घाबरला. बायकोला, मुलाला, बैलांना शोधू लागला. शेवटी गावाकडे धावला. घरची माणसे सुखरूप होती.

भावाने इथेच गोष्ट सोडली होती. तो म्हणाला, “बघ, आपल्या विहिरीवानीच.” मी म्हणाले, “थांब, अजून पुढे आहे. पळायचे नाही.”

भावाचा प्रश्न : “आग लागली तर लाकडं कुठून आली?”

हा प्रश्न मी बाईंना विचारला तेव्हा बाई खूश झाल्या. म्हणाल्या, हा प्रश्न मोठी माणसेसुद्धा विचारत नाहीत. उत्तर असे आहे :

ज्वालामुखीत काही जळत नसते. चुलीत लाकूड जळते तसे तिथे नाही. शिलारस लाल दिसतो तो तापल्यामुळे. लोहाराच्या भात्यापुढे कोयता लाल होतो, पण कोयता काही जळत नाही, तो फक्त तापतो. तसेच हे आहे.

ज्वालामुखीचा धूर हा चुलीतला धूर नव्हे. त्यात पाण्याची वाफ, दुसरे वायू आणि दगडाची बारीक भुकटी असते. त्या भुकटीला आपण राख म्हणतो, पण ती गोवरीच्या राखेसारखी मऊ नसते. ती भिंगाखाली पाहिली तर काचेच्या कचासारखी टोकदार दिसते. म्हणून ती डोळ्यात आणि छातीत गेली की फार त्रास होतो.

आता विहिरीचा धूर कसला? तो सुरुंगाच्या दारूचा. तो वरून माणसांनी भरलेल्या दारूचा असतो, खालून आलेला नसतो.

चित्र चौथे : डोंगर वाढतो

भेगेतून तापलेले दगड आणि राख उडून आजूबाजूला पडू लागली. खळ्यात एकाच जागी ज्वारी ओतत राहिले की कशी रास होते? तशीच ही दगडांची रास झाली. म्हणून ज्वालामुखीचा असा डोंगर सुपारीसारखा टोकदार दिसतो आणि मध्ये तोंड राहते. त्या तोंडाला विवर म्हणतात.

रास किती भरभर वाढली ते पाहा :

एका दिवसात : सुमारे ५० मीटर. म्हणजे नारळाची दोन उंच झाडे एकावर एक.
एका आठवड्यात : १०० मीटरच्या वर.
एका वर्षात : ३३६ मीटर.
नऊ वर्षांनी : ४२४ मीटर.

इतर बहुतेक ज्वालामुखी फार पूर्वी जन्मले, तेव्हा पाहायला कोणी शास्त्रज्ञ नव्हते. पारिकुतीनचे मात्र शास्त्रज्ञांनी जवळजवळ जन्मापासून अखेरपर्यंत निरीक्षण केले. म्हणून तो पुस्तकात येतो.

भावाचा प्रश्न : “एवढं वर उडवतं कोण?”

उत्तर : वायू. शिलारसात वायू विरघळलेले असतात. सोडावॉटरची बाटली बंद असते तेव्हा बुडबुडे दिसत नाहीत. झाकण उघडले की दाब कमी होतो आणि फेस फसफसून वर येतो. शिलारस वर आला की त्याच्यावरचा दाब कमी होतो. मग वायूचे बुडबुडे होतात आणि ते दगडाला घेऊन उडतात.

शिलारस जमिनीवर आला की त्याला लाव्हा म्हणतात. लाव्हा दोन तऱ्हेचा असतो. हे मला मामाच्या गावच्या गुऱ्हाळावरून समजले. काहिलीतली गरम काकवी पातळ असते, ती सांडली तर लांब पळते. तीच निवून घट्ट झाली की जागेवर बसते. पातळ लाव्ह्यातून बुडबुडे सहज निसटतात, म्हणून तो शांतपणे वाहतो. हवाई बेटांवर पुष्कळदा असे होते. घट्ट लाव्ह्यात बुडबुडे अडकतात आणि मग एकदम मोठा स्फोट होतो. तो फार धोक्याचा.

चित्र पाचवे : दोन गावे गेली

हे चित्र काढताना मला चांगले वाटले नाही. पण गोष्ट खरी आहे म्हणून काढले.

पारिकुतीनच्या लाव्ह्याखाली आणि राखेखाली दोन गावे गेली. एक पारिकुतीन, म्हणून डोंगराला तेच नाव पडले. दुसरे त्याच्यापेक्षा मोठे, सान हुआन पारांगारिकुतिरो. (हे नाव पाच वेळा न चुकता म्हणून दाखवा!) शेते राखेखाली गेली. गुरे मेली. दिओनिसिओच्या शेतावर तर डोंगरच उभा राहिला.

लाव्हा मात्र माणसाच्या चालण्यापेक्षा हळू येत होता. म्हणून लोकांना निघायला वेळ मिळाला. लाव्ह्याने कोणी मेले नाही. पण राखेच्या ढगात विजा चमकतात आणि त्या विजा पडून तीन माणसे गेली.

सन १९४४ मध्ये सान हुआनचे लोक गाव सोडून निघाले. त्यांनी देवळातली देवाची मूर्ती बरोबर घेतली आणि सगळे मिळून चालत गेले. दूर जाऊन त्यांनी नवे गाव वसवले. आबा हे ऐकून म्हणाले, “धरणात गावं गेली तेव्हा आपल्याकडचे लोक बी असंच देव घेऊन निघालं होतं.” आबांनी ते लहानपणी पाहिले आहे.

जुन्या गावच्या चर्चचा मनोरा अजून काळ्या दगडांतून वर डोकावतो आहे. त्याच्याभोवती सगळा थिजलेला लाव्हा आहे. लोक तो पाहायला जातात.

भावाचा प्रश्न : “त्याच्या शेताचं काय झालं? परत मिळालं का?”

उत्तर : नाही मिळाले. या प्रश्नावर आई पोळपाट सोडून ऐकू लागली. बाबाही काही बोलले नाहीत.

चित्र सहावे : चित्रकार

ज्वालामुखी पाहायला एक चित्रकार आला. त्याचे नाव डॉक्टर आत्ल. हे त्याने स्वतःच घेतलेले नाव होते. तो ज्वालामुखीच्या जवळ जाऊन राहिला आणि दिवसरात्र चित्रे काढू लागला. सकाळचा डोंगर, रात्रीचा लाल डोंगर, वाढलेला डोंगर. पुढे १९५० मध्ये त्याने चित्रांसह त्याचे पुस्तकही काढले.

बाई म्हणाल्या, चित्र काढायचे तर नीट पाहावे लागते. नीट पाहणे म्हणजेच विज्ञानाची सुरुवात. मला हे पटले, कारण डोंगर आधी की नंतर हे मला चित्र काढतानाच कळले. वहीत व्याख्या लिहिताना कळले नव्हते.

चित्र सातवे : शांत झाला

सन १९५२ मध्ये पारिकुतीन थांबला. नऊ वर्षे चालला होता. शास्त्रज्ञ सांगतात की असा ज्वालामुखी एकदाच जागा होतो आणि मग कायमचा निजतो. त्या भागात दुसरीकडे नवा निघू शकतो, पण हा नाही.

सगळे ज्वालामुखी असे नसतात. काही पुन्हा पुन्हा जागे होतात. फिलिपीन्स देशातला पिनातुबो शेकडो वर्षे झोपला होता, तो १९९१ मध्ये फुटला. पण त्याआधी शास्त्रज्ञांनी धक्के मोजले, वायू मोजला आणि लोकांना आधीच सांगितले. हजारो लोक वेळेवर निघाले आणि वाचले. म्हणून हे शिकायचे.

आपल्या भारतातही एक जागा ज्वालामुखी आहे. अंदमानच्या समुद्रात बॅरन नावाचे बेट आहे, तिथे. त्या बेटावर कोणी राहत नाही. तो दीडशेहून अधिक वर्षे शांत होता आणि १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला.

चित्र आठवे : आमची विहीर

आता मुख्य प्रश्न. भाऊ म्हणाला, “आन् आपल्या विहिरीत?”

हे चित्र म्हणजे विहीर उभी कापली तर कशी दिसेल ते आहे. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा कातळ.

मी आणि बाईंनी मिळून हिशोब केला. जमिनीत खाली जावे तशी उष्णता वाढते. साधारण एक किलोमीटर खाली गेले की २५ ते ३० अंश वाढतात. आमची विहीर ४० फूट जरी गेली तरी ती १२ मीटर. मग उष्णता किती वाढेल? अर्धा अंशसुद्धा नाही! रशिया देशात कोला नावाच्या ठिकाणी शास्त्रज्ञांनी जमिनीला भोक पाडले. ते १९८९ मध्ये १२,२६२ मीटर खोल गेले. तिथे १८० अंश उष्णता होती, पण तिथेही लाव्हा लागला नाही. मग आपल्या चाळीस फुटांत कुठून लागणार?

आजीने विचारले, “मग वज्रेश्वरीच्या कुंडातलं पाणी कढत कसं?” बाईंनी सांगितले की ते पाणी भेगांतून खूप खोल जाते, तिथे तापते आणि पुन्हा वर येते. तिथे खाली ज्वालामुखी नाही.

आणि आता गंमत ऐका. विहिरीतून लाव्हा निघणार नाही. पण विहिरीत लाव्हा आहे! तो थंड झालेला आहे. आपला काळा कातळ म्हणजे लाव्हाच. त्याला बसाल्ट म्हणतात.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वाहिला. पारिकुतीनसारखा टोकदार डोंगर न होता तो काकवीसारखा दूरवर पसरला. एक थर वाहिला, निवला. काही काळाने त्याच्यावर दुसरा वाहिला. असे थरांवर थर बसले. काही ठिकाणी सगळे मिळून दोन किलोमीटरपर्यंत जाड झाले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमिनीवर हा दगड आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्यावरच बसला आहे.

सह्याद्रीचे डोंगर लांबून पाहिले तर पायऱ्या पायऱ्या दिसतात. त्या या थरांच्याच आहेत. वेरूळचे कैलास लेणे आणि अजिंठ्याची लेणी याच दगडात कोरली आहेत. आपल्या घरचा पाटा-वरवंटा आणि जातेही याचेच. आणि हा दगड हजारो वर्षे ऊनपावसाने झिजून झिजून आपली काळी माती झाली. म्हणजे कपाशी आणि ज्वारी पिकते ती ज्वालामुखीच्या मातीत.

बाबा म्हणाले, “म्हंजी मी लाव्हा खणतोय व्हय?” आणि कितीतरी दिवसांनी हसले.

(सूचना : लोणारचे सरोवर ज्वालामुखीचे नाही. आकाशातून उल्का पडून तो खड्डा झाला आहे. वर्गात तिघांनी हे चुकीचे लिहिले होते, त्यात मी पण होते.)

विहिरीचे पुढे काय झाले

भावाची भिती एका दिवसात गेली नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. पहिल्या दिवशी तो बांधापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी लिंबाच्या झाडापर्यंत आला. सुरुंग लावायच्या वेळी बाबांनी त्याला लांब आपल्याजवळ उभे केले आणि म्हणाले, “आता तूच आकडे मोज.” त्याने मोजले. धडाम झाले. धूर आला आणि वाऱ्याने गेला. मागून काही आले नाही. तो म्हणाला, “दारूचाच हाय.”

छत्तीस फुटांवर कातळ संपला. खाली गेरूसारखा लाल थर लागला. बाई सांगतात की दोन लाव्ह्यांच्या मध्ये जो काळ गेला, त्या काळात वरचा दगड झिजून माती झाली आणि मग नव्या लाव्ह्याने ती झाकली. म्हणजे तो थर कोट्यवधी वर्षांपूर्वीची जमीन आहे. त्याच्याखाली भोकाभोकांचा मऊ दगड निघाला. ती भोके म्हणजे लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे! काही भोकांत पांढरे चमकदार खडे होते. घट्ट कातळात पाणी राहत नाही, भेगांत आणि अशा झिजलेल्या सच्छिद्र दगडात राहते.

पूर्वेच्या अंगाला ओल दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघाभर पाणी साठले होते. पाणी फार नाही. बाबा म्हणतात, बागायत होणार नाही, पण गुरांना आणि थोड्या भाजीपाल्याला होईल. अजून पाच फूट खणायचे की थांबायचे हे घरात ठरलेले नाही. पैशाचा प्रश्न आहे.

भावाने त्या पाण्यात हात घालून पाहिला. म्हणाला, “गार हाय की!”

करून पाहा

साहित्य : ओली माती, लहान वाटी, दोन चमचे खायचा सोडा, चिमूटभर कुंकू, दोन लिंबांचा रस.

कृती : वाटीभोवती मातीचा डोंगर करा. वाटीत सोडा आणि कुंकू टाका. वरून लिंबाचा रस एकदम ओता. लाल फेस वर येऊन उतारावरून वाहू लागेल.

काय समजले : सोडा आणि लिंबू मिळून वायू तयार झाला. त्याने फेस वर ढकलला. खऱ्या ज्वालामुखीतही वायू ढकलतो. पण आपल्या डोंगरात उष्णता नाही आणि काही वितळलेले नाही, म्हणून हा खरा ज्वालामुखी नव्हे, त्याची नक्कल आहे. प्रयोग अंगणात करावा आणि आईला विचारून लिंबे घ्यावीत. (मी न विचारता घेतली होती.)

शब्द आणि अर्थ

शिलारस – जमिनीखालचा वितळलेला दगड.
लाव्हा – जमिनीवर आलेला शिलारस.
विवर – ज्वालामुखीचे तोंड.
बसाल्ट – लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड.

सांगा पाहू

१. ज्वालामुखीची राख आणि चुलीची राख यांत फरक काय?
२. ज्वालामुखी टोकदार का दिसतो?
३. पारिकुतीन किती वर्षे चालला? (वजाबाकी करा.)
४. तुमच्या घरात थंड झालेला लाव्हा कुठे कुठे आहे? पाच वस्तू लिहा.

मित्रांनो, ज्यांच्या शेतात विहीर आहे त्यांनी विहिरीतून निघालेला एकेक दगड शाळेत आणावा. भोकाचा, लाल, चकाकणारा, कसलाही चालेल. खिडकीखालच्या फळीवर मांडून आम्ही त्यांना चिठ्ठ्या लावणार आहोत. पालकांनाही विनंती आहे. विहीर किती फूट गेली आणि किती फुटांवर कसला दगड लागला, ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. सगळ्या विहिरींची चित्रे शेजारी शेजारी काढली, तर आपल्या गावाखाली लाव्ह्याचे थर कसे बसले आहेत ते दिसेल, असे बाई म्हणतात. म्हणजे पुढे कुणाला विहीर काढायची असेल तर त्याला थोडा अंदाज येईल.

पहिला दगड मी ठेवला आहे. त्याच्यावरची चिठ्ठी माझ्या भावाने लिहिली आहे. अक्षर वेडेवाकडे आहे, पण त्याला नुकतेच जोडाक्षर येऊ लागले आहे, म्हणून हसू नये.